लिंग-वचनाकडे लक्ष द्यावे

मार्गदर्शन करण्याची हौस हा आमच्या घराण्यातला जुना विकार आहे. आजोबा रस्ता खणणाऱ्या मजुरांना मार्गदर्शन करत. वडील केशकर्तनालयात शेजारच्या खुर्चीतल्या गिऱ्हाइकाचा भांग कुठे पडायला हवा ते सांगत. माझ्याकडे हा वारसा साहित्याच्या वाटेने आला. तीन कथासंग्रह (पैकी दोन स्वखर्चाने), तीसेक दिवाळी अंक आणि विमा कंपनीतली चौतीस वर्षं एवढ्या शिदोरीवर मी निवृत्त झाल्यापासून एखादा नवोदित गळाला लागतोय का ते बघत होतो. नवोदित मला लांबूनच बघून रस्ता ओलांडत.

अशात भाचीचा फोन आला.

"मामा, येत्या रविवारी मोकळा आहेस का? आमच्या गटाची लेखन कार्यशाळा आहे. ज्या बाई येणार होत्या त्यांना चिकुनगुनिया झालाय. दुसरं कुणी मिळत नाहीये. तू येशील?"

शहाण्या माणसाने यातलं शेवटून दुसरं वाक्य नीट ऐकलं असतं. मी फक्त शेवटचं ऐकलं.

भाची लेस्बियन आहे. हे आमच्या घरात वर्षभर सगळ्यांना ठाऊक असतं आणि गौरी-गणपतीत कुणालाच ठाऊक नसतं. तिचा गट म्हणजे मराठीत लिहू बघणारी वीस-बावीस एलजीबीटी मुलं. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी जमायचं, एकमेकांचं लिखाण वाचायचं, फाडायचं, पुन्हा लिहायचं आणि वर्षातून एक पुस्तिका काढायची. बाहेरगावच्यांना एसटीचं भाडं गट देतो.

"आणि मार्गदर्शकाला?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"चहा," ती म्हणाली. "दोनदा."

माझ्या लायकीबद्दल मला शंका नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरून कलम ३७७ ची टांगती तलवार काढली, त्या दिवशी मी एका वर्तमानपत्राला स्वागताचं पत्र धाडलं होतं. त्यांनी ते कापून चार ओळींचं छापलं. मी ते लॅमिनेट करून घेतलं. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तेच म्हटलं तेव्हा, किंवा २०१३ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवलं तेव्हा, मी काहीच लिहिलं नव्हतं. पण न लिहिलेल्या पत्राचं लॅमिनेशन होत नसल्यामुळे त्याबद्दल कुणी विचारत नाही.

"तिथे मुलं लिहायला येणार आहेत," बायको म्हणाली. "तुम्ही कमी बोला." मी जाकीट घातलं. शाल पांघरताना मध्ये यायला नको म्हणून मफलर घरीच ठेवला.

नवी पेठेतल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला. दारावर कागद चिकटवलेला: 'युवा लेखन शिबिर'. गटाचं पूर्ण नाव का लिहीत नाही, असं मी भाचीला जरा जरबेनेच विचारलं. ती म्हणाली, "पूर्ण नाव सांगून दोन ठिकाणी हॉल मागितला होता. दोघंही म्हणाले, त्या दिवशी बुक आहे. कुठल्या दिवशी ते आम्ही अजून सांगितलंच नव्हतं."

शाल नव्हती. सतरंजी होती. मी अकरा पानांचं भाषण काढलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली: "बंधू आणि भगिनींनो..."

आणि थांबलो. समोर बावीस चेहरे. त्यातले निम्मे तरी या दोन खणांपैकी कुठल्या खणात बसायचं यासाठीच आयुष्य खर्ची घालत असणार, हे मला त्या क्षणी उमगलं. तिथेच गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण मी दुरुस्ती केली. मी म्हणालो, "...आणि इतर."

भाचीने कपाळाला हात लावला. मागून कुणीतरी समजूत घातल्यासारखं म्हणालं, "सर, 'मंडळी' म्हणा."

मंडळी! इतका सोयीचा शब्द मराठीत घरचाच पडून होता. (माझे आजोबा आजीचा उल्लेख 'आमची मंडळी' असाच करत, पण तो वेगळा विषय.) मी मंडळींना उद्देशून तिसऱ्या पानापर्यंत पोचलो. तेवढ्यात 'तुमच्या वेदना' हे शब्द सहाव्यांदा आले. सहाव्यांदा हे मला कळायचं कारण, पहिल्या रांगेतली एक मुलगी वहीत उभ्या रेघा ओढत होती आणि पाचव्या वेदनेला तिने आडवी रेघ मारून गठ्ठा बांधला होता. तिने हात वर केला.

"सर, वेदना आमच्याकडे आहेत. आम्हाला संवाद लिहिता येत नाहीत. त्याबद्दल काही सांगाल का?"

भाषणात संवादांबद्दल काही नव्हतं. मग मी हुकमाचा पत्ता काढला. भाचीने फोनवर बजावलं होतं, "येताना 'पार्टनर'च्या पहिल्या प्रकरणाच्या झेरॉक्स आण, वाचनाला लागतील." मी पंचवीस प्रती आणल्या होत्या. वाटल्या. वीस मिनिटं मुलं शांतपणे वाचत होती. फार सभ्य मुलं. शेवटी एकाने विचारलं, "सर, यात आमच्यातलं कोण आहे?"

मी व. पु. काळ्यांची 'पार्टनर' आणली होती.

भाचीला हवी होती ती बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर'. समलिंगी तरुणाची कादंबरी. खिरे यांनी २००२ साली पुण्यातच समपथिक ट्रस्ट सुरू केला, या विषयावर मराठीत पुस्तकामागून पुस्तकं लिहिली, आणि त्याच पुण्यात मी मराठी साहित्याचा जाणकार म्हणून वावरत होतो. तोंड लपवायला वपुंच्या झेरॉक्सखेरीज काही नव्हतं. तेव्हा एक चष्मेवाला मुलगा म्हणाला, "असू द्या सर. माझ्याकडे दोन्ही आहेत. खिऱ्यांच्या पुस्तकाला मी वपुंचं कव्हर घातलंय. आई सगळ्यांना सांगते, पोरगं वपु वाचतं म्हणून."

चहाच्या वेळी लक्षात आलं की मुलांनी माझ्यापेक्षा बरंच जास्त वाचलं होतं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली आली तेव्हा यांतली काही बालवाडीत असतील, पण भाऊ आणि बहीण एकाच माणसाची गोष्ट आपापल्या तोंडाने सांगतात ते कसं बांधलंय, यावर त्यांचं तावातावाने भांडण चाललं होतं. दिशा पिंकी शेख यांच्या कविता दोघांना तोंडपाठ होत्या. मी आपला तेंडुलकरांवर आलो. 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आलं तेव्हा मी ते पाहिलं होतं, असं अभिमानाने सांगितलं. काय वाटलं तेव्हा, असं त्यांनी विचारल्यावर मला फक्त रोहिणी हट्टंगडी आणि मध्यंतरातला बटाटावडा आठवला.

एवढ्यावर निघालो असतो तरी चाललं असतं. पण जाकिटाच्या खिशात माझी स्वतःची कथा होती. १९९४ च्या एका दिवाळी अंकातली, समलिंगी नायकाची. त्या काळी असा नायक घेणं म्हणजे केवढं धाडस, अशी प्रस्तावना करून मी ती वाचली. शेवटी नायक लकडी पुलावरून मुठेत उडी घेतो. सुन्न शांतता पसरली, असं मला वाटलं.

"महिना कुठला होता?" रेघावाली मुलगी.

"एप्रिल. सुरुवातीलाच बहाव्याचं वर्णन आहे."

"एप्रिलमध्ये लकडी पुलाखाली पाणी कुठे असतं? चिखलात रुतला असता फार तर. मग अग्निशामक दलाने काढला असता आणि घरी जाऊन आईला सगळं सांगावं लागलं असतं. ती गोष्ट जास्त चांगली झाली असती सर."

खरं सांगायचं तर, झाली असती. शिवाय एकाने विचारलं की तो मेलाच का. आणि मला प्रामाणिक उत्तर द्यायचं तर अंकाची पानं संपली होती.

पहिल्याच बैठकीतल्या या पराभवानंतर कुणीही भला माणूस आजारी पडला असता. मी मात्र पुढच्या महिन्यासाठी तीन कथा तपासायला घरी मागून घेतल्या. वक्तृत्वात मार खाल्ला, पण मुद्रितशोधनात मी अजिंक्य आहे, अशी माझी समजूत होती. लाल पेन नवीन घेतलं.

पहिली कथा कॉलेजच्या ईमेल पत्त्यावरून आली होती आणि पत्त्यात मुलीचं नाव होतं. कथेची सुरुवात: 'मी घरातून निघालो तेव्हा आई शेंगा फोडत बसली होती.' आई शेंगा फोडतेय हे छान, पण 'निघालो'? मी खोडून 'निघाले' केलं. पुढच्या ओळीत पुन्हा 'थांबलो'. 'थांबले' केलं. आजकालच्या मुलींचं व्याकरण या विषयावर बायकोला एक छोटं व्याख्यान दिलं. चौथ्या पानावर समासात लाल अक्षरात लिहिलं: 'लिंग-वचनाकडे लक्ष द्यावे.' खाली दोन रेघा मारल्या. रात्री साडेबाराला कथा शुद्ध होऊन बाजूला पडली. चौतीस वर्षांत विम्याचे फॉर्म तपासून इतकं समाधान मिळालं नव्हतं.

दुसऱ्या बैठकीत ती कथा घ्यायला पुढे आला तो नुकती मिसरूड फुटलेला एक पोरगा. मिसरूड खरंच आहे ना, याची खात्री करून घेतल्यासारखा तो मधूनमधून तिथे बोट फिरवत होता. त्याने सगळी पानं उलटली. ओठ हलत होते. मला वाटलं, वाचतोय. तो मोजत होता.

"एकसष्ट," तो म्हणाला.

"काय एकसष्ट?"

"एकसष्ट वेळा मुलगी केलासा मला, काका. माझ्या आत्याचापण एवढा उरक नाही."

माझ्या तोंडातून आवाज फुटेना. त्यालाच माझी दया आली असावी. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "मी कोल्हापूरचा. आमच्यात आईपण 'मी बाजारला जाऊन आलो' म्हणती, आजीपण म्हणती. जन्मापासून मी 'आलो-गेलो' करतोय, घरात कुणाला काय वेगळं वाटलं नाही. पुण्यात आलो आणि पहिल्याच दिवशी मेसच्या काकूंनी सुधारलं. 'आले म्हणावं बाळ.' त्या काकूंनंतर तुम्हीच."

तेव्हापासून मी 'सर'चा 'काका' झालो तो झालोच. ही बढती की पदावनती, ते अजून ठरलेलं नाही.

दुसऱ्या कथेवरची माझी टिप्पणी तर अंगावर काटा येईल अशी होती. कथा साधी: कुणीतरी एकटं माणूस पहिल्यांदाच भाड्याच्या खोलीत राहायला येतं, त्याचा पहिला दिवस. मी लिहिलं होतं: 'निवेदक कधी बसत नाही, उठत नाही, हसत नाही, कुठे जात नाही. सारखा काहीतरी उचलतो नाहीतर ठेवतो. हमाल आहे काय? हालचाल हवी.'

पिवळा कुडता घातलेल्या त्या लेखकाने (की लेखिकेने, मी एव्हाना शहाणा होऊन 'पिवळा कुडता' एवढंच मनात म्हणत होतो) टिप्पणी वाचली आणि खदखदून येणारं हसू दाबलं.

"काका, निवेदक बाई आहे की बाप्या?"

"बाप्या," मी म्हणालो. "म्हणजे... ती खिडकीला पडदा लावते ना... नाही, पण नळ दुरुस्त..."

मी पानं चाळू लागलो. 'मी कुलूप उघडलं. मी दिवा लावला. मी भाकरी खाल्ली. मला आईची आठवण आली.' आठ पानं. एक क्रियापद सापडेना की ज्यावरून पत्ता लागेल.

"मी चहा घेतला, कारण चहा पुल्लिंगी. मी भाकरी खाल्ली, कारण भाकरी स्त्रीलिंगी. क्रियापद भाकरीकडे बघतं, खाणाऱ्याकडे नाही. म्हणून मराठीत काही केलं, खाल्लं, उचललं तर चालतं. नुसतं बसलं, हसलं, रडलं की लगेच सांगावं लागतं, कोण ते. मला दोन्ही सांगायचं नाहीये. 'म्हणालो' चालत नाही, 'म्हटलं' चालतं. 'चहा प्यालो' चालत नाही, 'चहा घेतला' चालतो. 'विसरलो'ही चालत नाही, म्हणून माझा निवेदक काही विसरत नाही."

कर्मणी प्रयोग! आठवीत ज्याच्यापायी मी छडी खाल्ली (छडी स्त्रीलिंगी), तो या पोरांनी राहायला घेतला होता. आणि मी त्यांना हमाल म्हणालो होतो.

"तुम्ही एक पान लिहून आणा तसं," पिवळा कुडता म्हणाला. मार्गदर्शकाला गृहपाठ.

घरी आल्या आल्या मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' खाली काढलं. १९११ साली पहिल्यांदा छापलेला हा ग्रंथ माझ्याकडे तीस वर्षं आहे आणि पाहुण्यांवर उत्तम छाप पाडतो. त्यातला प्रयोगविचार वाचून लिहायला बसलो. 'सकाळी मी उठलो.' झालं, पहिल्याच वाक्यात पकडला गेलो. खोडलं. 'सकाळी मला जाग आली.' बरं. 'मी चपला घातल्या.' वा! 'मी जिना उतरलो.' मेलो. 'मी पायऱ्या मोजल्या.' खाली पोचलो की नाही ते वाचकाने समजून घ्यावं. 'मला दूधवाला दिसला. मी पिशवी घेतली. मी चक्रावलो...' नाही, नाही. रात्री अकरापर्यंत अर्धं पान झालं. माझा नायक पायऱ्या मोजत दुधाची पिशवी धरून जिन्यात उभा. परत वर कसा न्यायचा?

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"अडलोय."

"अडचण आहे, म्हणा," ती मान वर न करता म्हणाली.

तिला मी संध्याकाळी नियम सांगितला होता. दुसऱ्या दिवशी तिने तो दिवसभर पाळला. "मी चहा ठेवलाय. मी कणीक मळलीय. मी गादीचे अभ्रे बदलले. मला भाजीला जायचंय." एकदाही अडखळली नाही. रात्री म्हणाली, "त्यात अवघड काय आहे? बायकांचं सगळं आयुष्य याच प्रयोगात जातं. नुसतं बसले असं म्हणायची वेळ कधी येते?"

ते अर्धं पान मी तिसऱ्या बैठकीत वाचलं. सातव्या ओळीत 'चक्रावलो' खोडायचं राहून गेलं होतं. कोल्हापूरकराने माझंच लाल पेन मागून घेतलं आणि समासात काय लिहिलं ते तुम्हाला सांगायला नको. दोन रेघांसकट.

मग पुस्तिकेचं ठरलं. माझी नवी कथा मी संपादक मंडळाकडे रीतसर दिली. संपादक मंडळ म्हणजे रेघावाली मुलगी. कथा साभार परत आली. शेरा होता: 'नायक या वेळी जगला, अभिनंदन. बाकी नंतर बोलू.'

सतरंज्या गुंडाळताना भाची सांगत होती की अमेरिकेत लॅम्डा लिटररी या संस्थेने २००७ साली नवोदित एलजीबीटी लेखकांसाठी आठवडाभराचं शिबिर सुरू केलं. आठवडाभर दुसरं काही नाही, नुसतं लिखाण. आमचे अडीच तास. कारण साडेपाचनंतर निघालं तर सांगलीच्या मुलाला घरी उशीर का झाला ते सांगावं लागतं. मी म्हणालो, यांनी निदान दिवाळी अंकांना तरी कथा पाठवाव्यात, मी संपादकांना ओळखतो. भाची म्हणाली, "पाठवतील रे. पण छापून आली की अंक घरी येतो. आणि घरी टपाल बाबा फोडतात."

चौतीस वर्षं मी विमेदारांकडून वारसाचं नाव आणि पत्ता लिहून घेतला. पत्ता ही चीज एखाद्याकडे नसू शकते, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

तेव्हापासून आमच्या पत्रपेटीवर माझ्या नावाखाली सहा नावं आहेत. त्यांपैकी एकही खरं नाही, आणि ती हौसेने घेतलेलीही नाहीत. मीही तरुणपणी 'निशिगंध' या नावाने कविता छापल्या होत्या. त्या कविता बघता ती खबरदारी योग्यच होती. पण माझं खरं नाव फुटलं असतं तर फार तर हसं झालं असतं, खोली गेली नसती. पोस्टमनने परवा विचारलं, "काका, पेइंग गेस्ट किती ठेवलेत?" मी सहा म्हटलं. बायकोने आतून सुधारलं, "आठ. दोन नवीन आहेत." गटाच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर आभार आहेत: हॉल, चहा, झेरॉक्स, आणि त्याखाली 'पत्ता' म्हणून माझं नाव. मार्गदर्शक हा शब्द मला त्या पानावर कुठे सापडला नाही. मी दोनदा शोधला.

यंदाच्या दिवाळीसाठी त्या आठांपैकी पाच जणांनी कथा पाठवल्या आहेत. मला त्या आधी वाचायला मिळाल्या. मी त्यांना लाल पेन लावलेलं नाही. संपादकांना एवढीच विनंती: कथा आवडली नाही तर खुशाल परत करा. आवडली तर मानधनाचा चेक टोपणनावाने काढू नका, तो वटत नाही. आधी एक फोन करून नाव विचारा. पाकिटावर कथेचं शीर्षक नको. आणि कथेत कुणी 'आलो' म्हटलं असेल, तर ते तसंच छापा.